डाग आणि राहदारी : राज्य बदलणाऱ्या वाहनाच्या नोंदणीचा इतिहास

मध्ययुगीन हिंदुस्थानांतील राज्यकारभाराचा ज्यांनीं थोडाफार अभ्यास केला आहे, त्यांस ‘डाग’ आणि ‘राहदारी’ हे दोन शब्द परिचित असतील. अल्लाउद्दीन खिलजीनें घोडदळांतील लबाडीस आळा घालण्यासाठीं घोड्यांस डाग देण्याची पद्धति सुरू केली. शेरशहानें व पुढें अकबरानें तीच उचलली. हजिरीच्या वेळीं उमदें जनावर दाखवावयाचें आणि लढाईच्या वेळीं भलतेंच तट्टू पुढें करावयाचें, हा सरदारांचा खेळ बंद पडावा हा तिचा हेतु होता. डागलेला घोडा कोठेंही गेला तरी तो कोणाचा हें सांगतां येई. राहदारीची गोष्ट निराळी. ती वाटेवर बसविलेली पट्टी होय. माल एका अंमलांतून दुसऱ्या अंमलांत शिरला, कीं तेथील चौकीवर ती भरावी लागे. औरंगजेबानें ती माफ केल्याचे हुकूम काढले, तरी ठिकठिकाणचे अंमलदार ती घेतच राहिले. पेशवाईंतही जकातीचीं नाकीं आणि दस्तकें ह्यांचा ससेमिरा व्यापाऱ्याच्या मागें असेच. पुढें इंग्रजी अंमलांत १८३६ ते १८४४ ह्या काळांत बंगाल, मुंबई व मद्रास ह्या तिन्ही इलाख्यांतून ही अंतर्गत वाटजकात क्रमाक्रमानें उठली. डागाचें काम ओळख पटविण्याचें. राहदारीचें काम पैसा मिळविण्याचें. दोहोंचा एकमेकांशीं कांहीं संबंध नव्हता.

आज नोकरीनिमित्त किंवा पोटासाठीं एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत राहावयास जाणाऱ्या मनुष्यास आपल्या मोटारीची अथवा दुचाकीची नोंद नव्यानें करून घ्यावी लागते. ह्या कामीं होणारा त्रास पुष्कळांच्या अनुभवाचा आहे, आणि त्याचें खापर सामान्यतः कचेरीच्या दिरंगाईवर फोडण्यांत येतें. दिरंगाई असते हें खरेंच. परंतु इतिहास पाहतां असें दिसतें, कीं ह्या त्रासाचें मूळ कारकुनाच्या मेजापेक्षां बरेंच खोल आहे. वाहनाच्या एकाच पाटीवर डाग आणि राहदारी ह्या दोन भिन्न वस्तु एकत्र आल्या, तेथें तें सांपडतें. त्या कशा एकत्र आल्या, हें पाहण्याचा ह्या लेखाचा उद्देश आहे.

मोटारीस पाटी लावण्याची कल्पना मूळची पोलिसांची. पॅरिसच्या पोलीस-खात्यानें १४ ऑगस्ट १८९३ रोजीं काढलेल्या हुकुमानें मालकाचें नांव, पत्ता व परवान्याचा क्रमांक दाखविणारी धातूची पाटी प्रत्येक यांत्रिक वाहनावर आवश्यक ठरली. अमेरिकेंतील न्यूयॉर्क संस्थानानें १९०१ सालीं नोंदणी सुरू केली, तेव्हां मालकानें आपल्या नांवाचीं आद्याक्षरेंच गाडीवर लावावीं असा नियम होता. इंग्लंडांत १९०३ चा मोटार-कायदा झाला आणि नोंदणीचें काम जिल्ह्याजिल्ह्यांच्या कौन्सिलांकडे आलें. अक्षरें लोकसंख्येच्या क्रमानें वांटलीं गेलीं : लंडनला ‘ए’, लँकेशरला ‘बी’, यॉर्कशरच्या पश्चिम भागास ‘सी’. ह्या सर्वांच्या मुळाशीं एकच चिंता होती. घोड्याच्या गाडीचा हांकणारा गांवाच्या ओळखीचा असे. मोटार मात्र धुरळा उडवीत येई, कोणास पाडी आणि दिसेनाशी होई. पळून गेलेल्यास हुडकतां यावें म्हणून पाटी आली. तोंपर्यंत ती केवळ डाग होती.

इंग्लंडमध्यें ती बऱ्याच अंशीं डागच राहिली, हें लक्षांत घेण्यासारखें आहे. १९२० च्या रस्ते-कायद्यान्वयें मोटारींवरील कर वसूल करण्याचें काम कौन्सिलांकडे ठेवलें, तरी तो पैसा सबंध देशाच्या एका रस्ते-निधींत जमा होऊं लागला. त्याबरोबरच प्रत्येक गाडीस एक नोंदवही मिळाली. लँकेशरचा मनुष्य लंडनास राहावयास गेला, तर नोंद एका कौन्सिलाच्या दप्तरांतून दुसऱ्याच्या दप्तरांत जाई. पाटीवरचीं अक्षरें तींच राहत. पैसा अखेर एकाच तिजोरींत जावयाचा असल्यामुळें अक्षरें बदलून घेण्यांत कोणाचाच लाभ नव्हता.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत प्रकार उलट झाला. तेथें नोंदणी प्रत्येक संस्थानाची, आणि तिचें उत्पन्नही त्या संस्थानाचेंच. १९०३ सालीं मॅसॅच्युसेट्सनें सरकारी पाट्या देण्यास प्रारंभ केला व इतरांनीं तो कित्ता गिरविला. १९१० सालीं वॉशिंग्टन शहरचा हेंड्रिक नांवाचा रहिवासी आपली मोटार हांकीत शेजारच्या मेरिलँड संस्थानांत गेला. मेरिलँडची नोंदणी नसल्यामुळें त्यास पकडून दंड करण्यांत आला. एका देशाच्या नागरिकास त्याच देशांत फिरण्यासाठीं दुसऱ्यांदा पैसा कां भरावा लागावा, हा त्याचा प्रश्न थेट वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेला. १९१५ च्या जानेवारींत निकाल लागला तो त्याच्या विरुद्ध. मोटारी धोक्याच्या आहेत, त्यांच्यामुळें रस्ते झिजतात. सर्व राष्ट्राचा असा कायदा नसतांना आपल्या रस्त्यांच्या रक्षणासाठीं संस्थानानें बाहेरच्या गाडीसही नोंदणी करावयास लावून माफक शुल्क घेणें गैर नाहीं, असा न्यायाधीशांच्या म्हणण्याचा आशय होता. ओळख आणि वसुली ह्यांची गांठ येथें कायद्यानें बांधली गेली.

पुढें संस्थानांनीं आपसांत समजूत करून एकमेकांच्या पाट्या मान्य केल्या. पाहुण्यास मोकळीक मिळाली, आणि सारा भार ‘रहिवासी’ ह्या एका शब्दावर येऊन पडला. कॅलिफोर्नियांत राहावयास आलेल्या मनुष्यानें वीस दिवसांत आणि न्यूयॉर्कांत आलेल्यानें तीस दिवसांत गाडीची नोंद करावी, असा आज नियम आहे. रहिवासी कोण हें ठरविण्यासाठीं कॅलिफोर्निया पाहतें तें असें : मतदार म्हणून नांव घातलें आहे काय, मुलें सरकारी शाळेंत जातात काय, नोकरी धरली आहे काय. मनुष्याचें बिऱ्हाड कोठलें, ह्या प्रश्नाचें उत्तर त्याच्या गाडीच्या पाटीवर लिहिलेलें असावें, अशी ही अपेक्षा आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. येथें आरंभींचे कायदे प्रांतांचे होते. बंगालचा १९०३ चा आणि मुंबईचा १९०४ चा. १९१४ सालीं सर्व ब्रिटिश हिंदुस्थानासाठीं एकच मोटार-कायदा झाला. त्याचें धोरण इंग्लंडांतील कायद्याच्या वळणाचें, म्हणजे सुरक्षिततेचें व ओळखीचें होतें. पैशाचा प्रश्न पुढें आला तो रस्त्यांच्या दुर्दशेमुळें. महायुद्धानंतर मोटारी वाढल्या आणि बैलगाडीसाठीं बांधलेले रस्ते त्यांच्याखालीं उखडूं लागले. १९२७ सालीं मध्यवर्ती सरकारनें ह्या प्रश्नाच्या विचारासाठीं एक समिति नेमली. तिचे अध्यक्ष होते मुंबईचे सुप्रसिद्ध कायदेपंडित मुकुंदराव जयकर. समितीनें पैशाच्या तीन वाटा दाखविल्या : पेट्रोलवर जादा कर, मोटारींवर कर आणि भाड्याच्या गाड्यांवर परवाना-शुल्क. पहिला कर मध्यवर्ती सरकारचा. त्यांतून १९२९ सालीं रस्ते-निधि उभा राहिला. वाहनांवरील कर मात्र प्रांतांच्या वांट्यास आला. मुंबई इलाख्याचा वाहन-कराचा कायदा १९३५ सालचा, आणि सध्यां महाराष्ट्रांत चालूं असलेल्या कायद्याचें मूळ १९५८ च्या कायद्यांत आहे.

अशा रीतीनें हिंदुस्थानानें नोंदणी इंग्लंडाच्या वळणानें घेतली आणि कर अमेरिकेच्या वळणानें बसविला. १९३९ च्या मोटार-कायद्यांत ह्या दोहोंची सांगड आढळते. एका प्रांतांतील नोंदणी सर्वत्र ग्राह्य, हें एक कलम. आणि गाडी दुसऱ्या प्रांतांत दीर्घकाळ राहिली तर तेथील नवें चिन्ह घ्यावें, हें त्याच्या लगतचें दुसरें. पहिलें कलम म्हणतें, देश एक. दुसरें म्हणतें, प्रांत अनेक.

राज्यघटनेनें हीच द्विधा स्थिति कायम केली. यांत्रिक वाहनें आणि त्यांवरील करांचीं तत्त्वें हा विषय समवर्ती सूचींत पस्तिसाव्या क्रमांकावर आहे. प्रत्यक्ष कर बसविण्याचा अधिकार राज्यसूचींत सत्तावन्नाव्या क्रमांकावर आहे. म्हणजे तत्त्व सांगण्याचा अधिकार दिल्लीलाही आहे, परंतु थैली राज्याच्या हातीं. शिवाय घटनेच्या ३०१ व्या अनुच्छेदानें देशभर व्यापार व दळणवळण मुक्त असल्याची ग्वाही दिली. ही ग्वाही आणि ती थैली ह्यांची टक्कर होणें अटळ होतें. ती झाली राजस्थानांत.

अजमेर हें त्या काळीं वेगळें राज्य होतें आणि त्याच्या चोहोंकडे राजस्थानचा मुलूख होता. अजमेरच्या बसगाड्यांस आपल्या नेहमींच्या मार्गावर राजस्थानच्या अरुंद पट्ट्यांतून जावें लागे. राजस्थाननें १९५१ च्या आपल्या कायद्यान्वयें त्यांच्याकडे कर मागितला. मालक न्यायालयांत गेले. १९६२ च्या एप्रिलमध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनीं निकाल दिला, तो बहुमतानें राज्याच्या बाजूचा. रस्त्याच्या सोयीचा मोबदला म्हणून घेतलेला कर दळणवळणाच्या स्वातंत्र्यास बाध आणीत नाहीं, असें बहुमताचें म्हणणें होतें. नागपुरांत ज्यांची वकिली वाढली ते हिदायतुल्ला आणि वऱ्हाडचे जनार्दन रघुनाथ मुधोळकर हे दोघेही ह्या खटल्यांत तिसरे न्यायाधीश अय्यंगार ह्यांच्यासह अल्पमतांत होते. त्यांस हा कर त्या स्वातंत्र्याच्या आड येणारा वाटला. मौज अशी, कीं निकाल लागला तेव्हां ज्या सरहद्दीमुळें तंटा उद्भवला ती सरहद्दच उरली नव्हती. अजमेर १९५६ सालींच राजस्थानांत विलीन झालें होतें. ‘मोबदल्याच्या करा’चें तें तत्त्व पुढें अर्धशतकाहून अधिक काळ चाललें. २०१६ सालीं नऊ न्यायाधीशांच्या पीठानें बहुमतानें तें टाकून दिलें. परंतु त्याचा लाभ वाटसरूस झाला नाहीं. भेदभाव करणारा नसेल तर कर म्हणजे दळणवळणावरील निर्बंध नव्हेच, असें ठरल्यामुळें राज्यांचा हात अधिकच मोकळा झाला.

अजमेरच्या उदाहरणानें आणखी एक गोष्ट सुचते. आपण नेहमीं माणूस राज्य सोडून जातो असें म्हणतों. कधीं कधीं राज्यच माणसास सोडून जातें. नागपूरचा मोटार-मालक १९५६ च्या ऑक्टोबर-अखेर मध्य प्रदेशाचा होता, दुसऱ्या दिवशीं मुंबई राज्याचा झाला, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्राचा. औरंगाबादचा मनुष्य त्याच रात्रीं हैदराबाद सोडून मुंबईस आला, आणि बेळगांव-कारवारचा मुंबईंतून उठून म्हैसुरास गेला. तिघांपैकीं एकानेंही आपल्या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. येथें कायदेकारांची दृष्टि स्वच्छ होती, हें सांगितलें पाहिजे. १९६० च्या मुंबई पुनर्रचनेच्या कायद्यांत वाहतुकीचे जुने परवाने दोन्ही नव्या राज्यांत चालूं राहतील, आणि आदल्या दिवसापर्यंत ज्या गाडीस पट्टी पडत नव्हती तीस केवळ सरहद्द बदलली म्हणून नवी पट्टी पडणार नाहीं, अशी तजवीज होती. २०१४ सालीं आंध्र प्रदेशाची विभागणी झाली तेव्हांही तशीच तरतूद करण्यांत आली, आणि आंध्राचीं अक्षरें धारण करणाऱ्या जुन्या गाड्या हैदराबादच्या रस्त्यांवर आजही दिसतात. सरहद्द सरकल्यानें गाडी परकी होत नाहीं, हें तत्त्व संसदेनें कायद्यानें मान्य केलें. माणूस सरकला म्हणजे मात्र ती परकी होते.

ती कशी, हें १९८८ च्या कायद्यावरून कळतें. हा कायदा १९८९ च्या जुलैपासून अमलांत आला, आणि त्याच सुमारास महाराष्ट्राच्या गाड्यांवर ‘एम. एच.’ हीं आज रूढ झालेलीं अक्षरें आलीं. गाडी दुसऱ्या राज्यांत बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर तेथील नवें चिन्ह मागावें, असें ह्या कायद्याचें सत्तेचाळिसावें कलम सांगतें. त्यासाठीं जुन्या राज्याचा ना-हरकत दाखला हवा. त्या अर्जावर गाडीच्या सांगाड्यावरील क्रमांकाचा पेन्सिलीनें उमटविलेला ठसा द्यावा लागतो; गाडी चोरीची नसल्याबद्दल पोलिसांचा अहवाल यावा लागतो; सरकारी बाकी नसल्याची खात्री व्हावी लागते; कर्ज असेल तर सावकाराची संमति लागते. दाखला तीस दिवसांत नाकारला नाहीं तर तो दिलाच असें समजावें, इतकी दयाही कायद्यानें दाखविली आहे. इथपर्यंत सारें डागाचें काम आहे आणि तें रास्तच आहे. चोरीची गाडी सरहद्द ओलांडून नव्या नांवानें मिरवूं नये, असें कोणास वाटणार नाहीं?

अडचण येते ती ह्याच्या पुढें. पूर्वीं वाहन-कर दरसाल किंवा तिमाहीस भरावयाचा असे. मनुष्य पुण्याहून इंदुरास गेला, तर पुण्याचा कर थांबे आणि इंदूरचा सुरू होई. थोडी धांवपळ होई, पण पैसा दोनदां जात नसे. पुढें बहुतेक राज्यांनीं खासगी गाड्यांसाठीं एकरकमी कर घेण्याची पद्धति स्वीकारली. नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची. तेवढ्या मुदतीचा कर खरेदीच्या दिवशींच तिजोरींत येतो. मालकास दरवर्षींची खेप चुकली आणि राज्यास वसुलीचा खर्च वांचला, म्हणून ही सुधारणा दोघांसही गोड वाटली. ती गृहीत धरते तें एवढेंच, कीं मनुष्य पंधरा वर्षें जागचा हालणार नाहीं. जो हालतो त्यास नव्या राज्याचा कर आधीं भरावा लागतो, आणि जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांचा परतावा मागून मागावा लागतो. त्यासाठीं बहुधा नव्या नोंदणीचा पुरावा जुन्या कचेरींत सादर करावा लागतो. म्हणजे जें गांव सोडलें त्याच गांवीं परत जाणें आलें. दुचाकीवर कामास जाणाऱ्या सुताराची किंवा रंगाऱ्याची मिळणारी रक्कम येण्याजाण्याच्या भाड्यांत आणि बुडालेल्या रोजांत संपून जाते. म्हणून कित्येक जण परतावा सोडून देतात, आणि कित्येक जुनीच पाटी लावून नाक्यावरील शिपायाची नजर चुकवीत वर्षें काढतात.

हें दुखणें सरकारच्या ध्यानांत आलें नाहीं असें नाहीं. २०२१ च्या सप्टेंबरपासून ‘भारत’ मालिकेची नोंदणी सुरू झाली. तिच्या पाटीवर कोणत्याही राज्याचें नांव नाहीं. नोंदणीचें वर्ष, ‘बी. एच.’ हीं अक्षरें आणि क्रमांक एवढेंच असतें. कर दोन किंवा दोनाच्या पटींतील वर्षांचा घ्यावयाचा. दहा लाखांपर्यंतच्या गाडीस शेंकडा ८, वीस लाखांपर्यंत १०, त्यापुढें १२, असे दर ठरविले. राज्य बदललें तरी पाटी बदलावयास नको. म्हणजे मुदतीचा कर हीच जुनी युक्ति नव्या पोशाखांत परत आली, आणि ती चालते असें दिसून आलें. परंतु ही सवलत मिळते कोणास? सैन्यांतील लोकांस, केंद्राच्या व राज्यांच्या नोकरांस, सरकारी उद्योगांतील नोकरांस, आणि ज्यांच्या कचेऱ्या चार किंवा अधिक राज्यांत आहेत अशा खासगी कंपन्यांतील नोकरांस. ज्याची बदली दुसरा कोणी करतो तो भारताचा रहिवासी. जो स्वतःच्या हिंमतीनें घर सोडतो तो अद्याप आपल्या राज्याचाच. रंगारी, सुतार, लहान दुकानदार, एकाच गांवच्या रुग्णालयांतील परिचारिका ह्यांचें स्थलांतर कमी खरें आहे काय?

राज्यांची बाजूही न्यायानें पाहिली पाहिजे. रस्ता झिजतो तो जेथें गाडी धांवते तेथें, आणि तो दुरुस्त करण्याचा खर्चही पुष्कळसा तेथल्याच तिजोरींतून होतो. इंदुरास धांवणाऱ्या गाडीचा कर पुण्यानें खाऊन बसावें, हें मध्य प्रदेशावर अन्यायाचें होईल. तेव्हां नव्या राज्यानें कर मागणें हा अन्याय नव्हे. एका तिजोरीनें पुढील कित्येक वर्षांचा पैसा आधींच घेऊन ठेवावा आणि तो दुसऱ्या तिजोरीपर्यंत पोंचविण्याची हमाली नागरिकाकडून करून घ्यावी, हा अन्याय आहे.

आतां पाटीवरील राज्याच्या अक्षरांचें डाग म्हणून तरी किती काम उरलें आहे? गाडीचा खरा डाग तिच्या सांगाड्यावर कारखान्यांतच ठोकलेला असतो. तो जन्मापासून भंगारापर्यंत बदलत नाहीं, आणि ना-हरकत दाखल्याच्या अर्जावर ठसा उमटवावयाचा तो त्याचाच. देशांतील वाहनांची नोंद आतां ‘वाहन’ नांवाच्या संगणकीय दप्तरांत जाते, आणि राष्ट्रीय वाहन-नोंदवहीची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीनें कायद्यांतच झाली आहे. कोणत्याही राज्यांतील शिपायास कोणत्याही राज्यांतील गाडीचा मालक शोधणें आतां कठीण नाहीं. ज्या कामासाठीं पॅरिसच्या पोलिसांनीं पाटी आणली, तें काम राज्याचीं अक्षरें न बदलतांही होतें. तीं बदलावयास लावतांना आपण ओळख पटवीत नसतों, राहदारी घेत असतों.

उपाय दूरदेशाहून आणावयास नको. २०१७ सालीं मालावरील कराची नवी व्यवस्था झाली, तेव्हां एका राज्यांत विकलेला माल दुसऱ्या राज्यांत वापरला गेला तर कराचा वांटा दुसऱ्या राज्यास पोंचविण्याची तजवीज सरकारांनीं आपसांत केली; मालाच्या गिऱ्हाइकास त्यासाठीं कोणत्याही कचेरीची पायरी चढावी लागत नाहीं. वाहन-कराच्या उरलेल्या वर्षांचा हिशेब असाच दोन तिजोऱ्यांनीं परस्पर मिटविण्यास अडचण इच्छेची आहे, युक्तीची नव्हे. युक्ति तर आपल्या पूर्वजांसही ठाऊक होती. पेशवाईंत काशीयात्रेस निघालेला मनुष्य रुपयांची थैली पाठीवर बांधून नेत नसे. पुण्याच्या पेढीवर पैसे भरून हुंडी घेई, आणि ती काशीच्या पेढीवर पटे. दोन पेढ्यांमधील देणेंघेणें ते सावकार सवडीनें पाहून घेत. वाटेंत राज्यें किती लागलीं आणि अंमल कोणकोणाचे होते, ह्याची पंचाईत त्या यात्रेकरूस पडत नसे.